कालांतरित साम्राज्य : एका कल्पित इतिहासाचें परीक्षण

(१)

अस्सल पत्रें, सनदा, महजर व शकावल्या यांच्या चर्चेसाठीं चालणाऱ्या त्रैमासिकांत एका इंग्रजी कादंबरीचें परीक्षण कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर आरंभींच दिलेलें बरें. ज्या ग्रंथाविषयीं येथें लिहावयाचें आहे तो रूढ अर्थानें ऐतिहासिक कादंबरी नव्हे. घडलेल्या इतिहासांत रंग भरणें हें ऐतिहासिक कादंबरीचें काम. हा ग्रंथ घडलेला इतिहास एका ठिकाणीं तोडून त्याला निराळ्या वाटेनें नेतो. असें लेखन अलीकडे इंग्रजींत विपुल होत असून इंग्रजी वाचणारा आपला तरुण वर्ग तें आवडीनें वाचतो. पाठ्यपुस्तकांतील इतिहास परीक्षा संपतांच विसरला जातो; कथेंतील इतिहास मनांत राहतो. म्हणून अशा कथेंत आपल्या देशाचा भूतकाळ कोणत्या रूपानें येतो हें पाहणें हा संशोधकाच्या कामाचाच एक भाग आहे.

ग्रंथाचें नांव 'द पेशावर लान्सर्स'. लेखक अमेरिकेंतील एस. एम. स्टर्लिंग, प्रसिद्धीचें साल २००२. या लेखकानें १९९८ सालच्या आपल्या एका कादंबरीत अमेरिकेच्या किनाऱ्यालगतचें नॅन्टकेट हें सबंध बेट माणसांसुद्धां उचलून इ. स. पूर्वी १२५० च्या सुमारास नेऊन ठेवलें होतें. प्रस्तुत ग्रंथांत त्यानें बेटाऐवजीं साम्राज्य उचललें आहे. कथेचा पाया असा कीं, १८७८ सालीं आकाशांतून एकामागून एक प्रचंड अशनि उत्तर गोलार्धावर कोसळतात. युरोप व उत्तर अमेरिका उद्ध्वस्त होतात, आकाश झांकोळतें आणि थंडीमुळें त्या प्रदेशांत वर्षानुवर्षें पीक येईनासें होतें. इंग्लंडचे तेव्हांचे मुख्य प्रधान डिझरेली हे राजघराणें, सैन्य, विद्वान आणि जितकी नेतां येतील तितकीं माणसें गलबतांवर चढवून हिंदुस्थान, दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया इकडे रवाना करतात. साम्राज्याची गादी दिल्लीस येते. कथा घडते ती मात्र त्यानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं, म्हणजे २०२५ सालीं. त्या २०२५ सालांत वाफेचीं यंत्रें आहेत, आकाशांत विमानांऐवजीं वायुनौका आहेत, सरहद्दीवर पठाणांशीं चकमकी चालू आहेत आणि पेशावरच्या भालाईत घोडेस्वारांच्या पथकांतील कॅप्टन अथेलस्टेन किंग हा कथेचा नायक आहे. त्याची बहीण कॅसँड्रा ही ज्योतिर्विद् असून तिच्या संशोधनावर जगाचें पुढील भवितव्य अवलंबून आहे. खलनायक रशियन असून त्यांच्या राज्यांत सैतानाची पूजा व नरमांसभक्षण चालतें.

तें २०२५ साल आपण प्रत्यक्ष पाहिलें. त्यामुळें लेखकाच्या कल्पनेंतील साल व आपलें साल हीं शेजारीं ठेवून पाहण्याची संधि आतां मिळाली आहे. तशी तीं ठेवलीं असतां जी गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते ती ही कीं, लेखकानें साम्राज्याचें स्थलांतर केलें असें दाखविलें असलें तरी वस्तुतः त्यानें त्याचें कालांतर केलें आहे. लंडनहून दिल्लीस आलेलें तें राज्य १८७८ मधून निघून, वाटेंत फारसें न झिजतां, २०२५ मध्यें येऊन पोंचलें आहे. हें कसें घडूं शकलें, आणि असें घडलें तर जें पोंचलें त्याला साम्राज्य म्हणावें काय, एवढाच या परीक्षणाचा विषय.

(२)

'असें झालें असतें तर' हा प्रश्नच इतिहासाला वर्ज्य आहे, असें मानणारा एक पक्ष आहे. जें घडलें नाहीं त्याला प्रमाण नाहीं, आणि प्रमाणावांचून प्रमेयाची सिद्धि नाहीं, असा त्याचा युक्तिवाद. तो आम्हांस पूर्णांशानें मान्य नाहीं. न्यायशास्त्रांत तर्क हें स्वतंत्र प्रमाण मानलेलें नसलें तरी प्रमाणाचा साहाय्यक म्हणून त्याला मान आहे. डोंगरावर अग्नि नसता तर धूर दिसला नसता, हें वाक्य अग्नीचें ज्ञान स्वतः करून देत नाहीं. परंतु धूर असूनही अग्नि नसेल, अशी जी शंका मनांत येते ती तें दूर करतें. इतिहासांतील कारणचर्चा याच जातीची आहे. अमुक कारणामुळें अमुक राज्य बुडालें असें आपण म्हणतों तेव्हां तें कारण नसतें तर तें राज्य तेव्हां बुडालें नसतें, हा व्यतिरेक आपण न बोलतां गृहीत धरलेला असतो. तोच व्यतिरेक उघड मांडला म्हणून कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें तो कसाही मांडल्यानें.

तो नीट मांडण्याच्या दोन अटी आम्हांस दिसतात. पहिली लाघवाची : घडलेल्या इतिहासांतून एकच गोष्ट काढावी किंवा एकच घालावी, सोयीप्रमाणें दहा गोष्टी बदलल्या तर कोणत्या बदलाचा कोणता परिणाम हें कळेनासें होतें. दुसरी अट अनुसरणाची : जें बदललें त्याचे परिणाम जिकडे जातील तिकडे आपणही गेलें पाहिजे, मग तें स्थळ आपल्याला आवडो वा न आवडो. या दुसऱ्या अटीचाच भंग फार होतो. लिव्हि या रोमन इतिहासकारानें आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागांत अलेक्झांडर इटलीकडे वळला असता तर काय झालें असतें याची चर्चा केली आहे आणि रोमच जिंकला असता असा निर्णय दिला आहे. लुई जॉफ्र्वा या फ्रेंच लेखकानें १८३६ सालीं लिहिलेल्या कल्पित इतिहासांत नेपोलियन सर्व जग जिंकतो. १९३१ सालीं जे. सी. स्क्वायर यांनीं संपादिलेल्या अशाच निबंधांच्या संग्रहांत चर्चिल यांचाही निबंध असून त्यांत अमेरिकेंतील यादवी युद्धाचा निकाल फिरविल्यावर शेवटीं इंग्रजीभाषी राष्ट्रांचें ऐक्य साधतें. रोमनाला रोम, फ्रेंचाला नेपोलियन आणि इंग्रजाला इंग्रजीभाषी जग सांपडावें हें काकतालीय नव्हे. बदल कोणताही असो, शेवटीं स्वतःचेंच मुखावलोकन व्हावें ही या लेखनप्रकाराची जुनी खोड आहे. स्टर्लिंग यांचा ग्रंथ या दोन अटींस कितपत उतरतो तें आतां पाहूं.

पहिल्या अटीस तो उतरतो, हें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. बदल एकच आहे आणि तो मानवी कर्तृत्वाबाहेरचा आहे. कोणत्याही पक्षाचा शहाणपणा किंवा मूर्खपणा वाढवावा लागत नाहीं. शिवाय, साम्राज्याच्या मुळाशीं असलेला देशच नाहींसा झाला तर साम्राज्याचें काय होईल, हा प्रश्न अत्यंत मार्मिक आहे. तो इतक्या स्वच्छपणें विचारल्याबद्दल लेखकाचे आभारच मानावयास हवेत. वाद आहे तो उत्तराविषयीं.

(३)

संशोधकाच्या रीतीप्रमाणें प्रथम ग्रंथकाराचीं साधनें तपासावीं. १८७८ सालचें इंग्रजी राज्य २०२५ मध्यें आणावयाचें तर १८७८ चे कागद पाहणें अवश्य. परंतु या ग्रंथांतील मनुष्यें कोठून आलीं याचा शोध घेतां तीं कोणत्याही दप्तरांतून आलेलीं नाहींत. टॅल्बट मंडि नांवाच्या लेखकाची खैबर रायफल्समधील एका अधिकाऱ्यावरची कादंबरी १९१६ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या नायकाचें नांव अथेल्स्टन किंग आणि तिच्यांतील गूढ स्त्रीचें नांव यास्मिनी. स्टर्लिंग यांच्या नायकाचें नांव तेंच, आणि भविष्य पाहणाऱ्या त्यांच्या स्त्रीपात्राचें नांवही यास्मिनीच. सरहद्दीवरचे हेर, वेषांतरें, रशियाचा डाव, शूर व एकनिष्ठ शीख सोबती, हा सारा सरंजाम किप्लिंग यांच्या १९०१ सालच्या 'किम' पासून अशा कादंबऱ्यांत चालत आलेला आहे.

हें उसनें घेणें चोरून केलेलें नाहीं. नांवें तशींच ठेवून लेखकानें तें उघड केलें आहे, आणि पूर्वसूरींस असा नमस्कार करण्याची चाल आपल्या काव्यांतही आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. किप्लिंग व मंडि यांच्या कादंबऱ्या म्हणजे साम्राज्यानें आपल्या भरभराटीच्या काळीं काढवून घेतलेलीं स्वतःचीं चित्रें होत. चित्रांत मनुष्य आपला चेहरा दाखवितो, जमाखर्चाची वही दाखवीत नाहीं. स्टर्लिंग यांनीं जें दीडशें वर्षें पुढें नेलें तें १८७८ चें राज्य नसून १९०१ ते १९१६ च्या दरम्यान रंगविलेलें त्या राज्याचें चित्र आहे. चित्र झिजत नाहीं, म्हणून तें २०२५ पर्यंत सुखरूप पोंचलें. राज्य झिजतें, त्याला दररोज धान्य, पैसा व माणसें लागतात आणि तीं कोणाकडून तरी घ्यावीं लागतात.

(४)

तेव्हां वही उघडून पाहूं. १८७८ सालीं हिंदुस्थान कोणत्या अवस्थेंत होता? १८७६ सालीं पाऊस फिरला आणि मद्रास, म्हैसूर, हैदराबाद व मुंबई इलाख्यांतील दख्खन यांत घोर दुष्काळ पडला. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस व्हिक्टोरिया राणीच्या कैसर-इ-हिंद या किताबाचा दरबार भरला तेव्हां सोलापूर, विजापूर, नगर, सातारा, पुणें या भागांतील रयत खडी फोडण्याच्या कामावर जात होती. सरकारचा प्रतिनिधि म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजी एक रत्तल धान्य व वर एक आणा इतकी खालीं आणली. मुंबई इलाख्यांतील मजुरांनीं त्याविरुद्ध काम सोडलें, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें त्यांची बाजू उचलून धरली. त्याच काळांत बंदरांतून धान्याची निर्गत चालूच होती. या दुष्काळांत एकट्या ब्रिटिश मुलखांत पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावलीं, असा अंदाज सरकारनेंच नेमलेल्या दुष्काळ कमिशनानें १८८० सालीं दिला. १८७८ सालींच देशी वृत्तपत्रांचा व हत्यारांचा असे दोन दडपशाहीचे कायदे झाले. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके पुण्याच्या आसमंतांत बंड करून उठले. दुष्काळांत पाहिलेली लोकांची अन्नान्नदशा हें आपल्या बंडाचें कारण म्हणून त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे.

अशा देशाच्या किनाऱ्यावर लेखकानें इंग्लंडांतील भुकेली प्रजा आणून उतरविली आहे. तीही अशा वर्षीं कीं, त्याच्याच कल्पनेप्रमाणें सगळ्या पृथ्वीची हवा बिघडली आहे. १८१५ सालीं तांबोरा हा एक ज्वालामुखी फुटला तर पुढच्या वर्षीं युरोपांत उन्हाळाच आला नाहीं आणि आपल्याकडेही मोसमी पावसाचें मान बिघडलें. मग अर्धें जग झांकोळणाऱ्या उत्पातानंतर दख्खनवर पाऊस वेळेवर पडला असता असें मानण्यास आधार काय? तेव्हां या आगंतुक प्रजेला खाऊं घातलें तें कोणत्या पेवांतून काढून, हा या कल्पित इतिहासाचा पहिला प्रश्न आहे. दुष्काळ, दंगे व कठोर उपाय हे प्रकार लेखकाला ठाऊक नाहींत असें नाहीं. परंतु ते कथेच्या आरंभापूर्वीं उरकलेले आहेत. दीडशें वर्षांपूर्वींचें दुःख म्हणून पात्रें त्यांचें गंभीरपणें स्मरण करतात आणि पुढें घोड्यावर बसतात. त्या स्मरणांत इंग्रज वाचले हें येतें. त्यांच्या वांट्याचें धान्य ज्यांच्या तोंडचें गेलें ते मोजले जात नाहींत.

दुसरा प्रश्न पैशाचा. दादाभाई नौरोजी यांनीं १८६७ पासून जी मांडणी केली तिचा गाभा असा कीं, हिंदुस्थानच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा मोबदल्यावांचून विलायतेस जातो : कर्जावरील व आगगाड्यांच्या भांडवलावरील व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांचीं पेन्शनें, लंडनमधील इंडिया ऑफिसचा खर्च, फौजेचा आकार. हा खर्च दरसाल एक कोटि पौंडांहून अधिक होता. पूर्वींचे परकी राज्यकर्ते येथेंच राहिले, म्हणून त्यांनीं घेतलेलें द्रव्य देशांतच फिरलें. इंग्रजांचें तसें नाहीं, हा भेद दादाभाईंनीं वारंवार दाखविला. आतां स्टर्लिंग यांची कल्पना या मांडणीवर ठेवून पहा. विलायतच उरली नाहीं; धनको मेले; पेन्शनें पाठविण्यास जागा नाहीं; इंडिया ऑफिस बर्फाखालीं गेलें. म्हणजे दादाभाईंनीं ज्याला रोगाचें मूळ म्हटलें तें मूळच या कादंबरीनें एका घावासरशीं तोडलें. १८७९ व १८८२ सालीं मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांसाठीं कापडावरील आयातजकात काढली गेली. या कल्पित जगांत मँचेस्टर नाहीं, तेव्हां मुंबईच्या गिरण्यांस कोण अडविणार? सनदी नोकरीची परीक्षा लंडनांत होत होती आणि तिची वयोमर्यादा १८७६ सालीं एकोणीस वर्षांवर आणल्यामुळें आपल्या मुलांस ती दुर्घट झाली होती. लंडन नाहीं तर ती परीक्षा कोठें होणार? संपत्तीच्या अपहारावर इतका स्वच्छ व्यतिरेकाचा प्रयोग अर्थशास्त्रज्ञांसही सुचला नाहीं. आणि ज्याला तो सुचला त्याचें लक्षच तिकडे नाहीं. त्याच्या हिंदुस्थानांत कारखाने आले आहेत, पण ते आल्यानें सत्ता कोणाच्या हातीं गेली, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

(५)

कोणी म्हणेल, कल्पनेला हिशेब कशाला? हिशेब येथें अप्रस्तुत नाहीं. कारण वसाहतवाल्या साम्राज्याची गादी वसाहतींत नेण्याचा प्रयोग इतिहासांत खरोखरच झाला आहे आणि त्याचा हिशेब लागलेला आहे. नेपोलियनची फौज लिस्बनवर चालून आली तेव्हां २९ नोव्हेंबर १८०७ रोजीं पोर्तुगालचें राजघराणें, दरबार व अंमलदार मिळून हजारों माणसें इंग्रज आरमाराच्या सोबतीनें ब्राझीलकडे निघालीं आणि मार्च १८०८ मध्यें रिओ द जानेरो येथें गादी स्थापन झाली. ती तेथें १८२१ पर्यंत होती. या अवधींत पोर्तुगीजांच्या सर्व मुलखाची राजधानी रिओ असल्यामुळें गोव्याचा कारभारही कायद्यानें तिच्याच आज्ञेंत होता. गोव्याचें इन्क्विझिशन १८१२ सालीं कायमचें बंद झालें तें याच काळांत.

तेथें काय झालें तें पहावें. ब्राझीलचीं बंदरें परदेशी व्यापारास बंद होतीं. राजा उतरला त्याच महिन्यांत, जानेवारी १८०८ मध्यें, तीं उघडावीं लागलीं. कारखाने काढण्यास १७८५ पासून मनाई होती. ती १ एप्रिल १८०८ रोजीं उठली. छापखाना नव्हता तो आला, पेढी निघाली, वैद्यकाच्या शाळा निघाल्या. यांतील कांहींही ब्राझीलवरील प्रेमानें झालें नाहीं. राजाला जेथें राहावयाचें तेथें राजधानीस लागणाऱ्या वस्तु असाव्या लागतात म्हणून झालें. १८१५ सालीं ब्राझीलला पोर्तुगालच्या बरोबरीचें राज्य असा दर्जा द्यावा लागला. उलट लिस्बनला आपणच आतां वसाहत झालों असें वाटूं लागलें, आणि १८२० सालीं पोर्तो येथें उठाव झाला. त्याचे पडसाद गोव्यापर्यंत उमटून सप्टेंबर १८२१ मध्यें तेथील व्हाइसरॉय रिओ पार्दो याला पदच्युत करण्यांत आलें. राजा परत गेला. पण ब्राझील पुन्हां वसाहत होईना, आणि ७ सप्टेंबर १८२२ रोजीं राजाच्याच मुलानें तें स्वतंत्र झाल्याचें जाहीर केलें. गादी हलल्यापासून साम्राज्य दुभंगेपर्यंत पुरीं पंधरा वर्षें लागलीं नाहींत.

यावरून दिसतें तें असें कीं, साम्राज्य ही पेटींत घालून नेण्याजोगी वस्तु नव्हे. शास्त्रकार ज्याला संबंध म्हणतात त्या कोटींतलें तें आहे आणि संबंधाला दोन टोकें लागतात. एक टोक काढून दुसऱ्यावर ठेवलें कीं संबंध राहत नाहीं, तेथें दुसरेंच कांहीं निर्माण होतें. आपल्या इतिहासांत छत्रपति राजाराम महाराज १६८९ सालीं जिंजीस गेले आणि राज्य टिकलें. पण तें टिकलें याचें कारण महाराष्ट्रांत रामचंद्रपंत, संताजी व धनाजी यांनीं दुसरें टोक धरून ठेविलें होतें. स्टर्लिंग यांच्या कथेंत दुसरें टोकच नाहीं. अशा स्थितींत दिल्लीचें राज्य एक तर हिंदुस्थानचें राज्य झालें असतें किंवा मोडलें असतें. तें दीडशें वर्षें इंग्रजांचें साम्राज्य राहिलें असतें, हा पक्ष सिद्ध होत नाहीं.

परंतु रिओच्या उदाहरणाला दुसरीही बाजू आहे आणि ती सांगितल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं. राजा आला तेव्हां दरबाऱ्यांसाठीं नगरवासीयांचीं घरें घेण्यांत आलीं. घेतलेल्या घराच्या दारावर राजप्रतिनिधीच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें रंगवीत. लोक त्यांचा अर्थ 'नीघ रस्त्यावर' असा लावीत, अशी आख्यायिका तेथें प्रसिद्ध आहे. आणि बंदरें उघडलीं तरी गुलामांच्या बेड्या उघडल्या नाहींत. आफ्रिकेंतून गुलाम आणणें त्यानंतरही अनेक वर्षें चाललें. ब्राझीलमध्यें गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती १३ मे १८८८ रोजीं. म्हणजे गादी जवळ आल्याचा लाभ व्यापाऱ्यास, जमीनदारास व नगरांतील शिकलेल्यास झाला. शेतावर राबणाऱ्यास झाला नाहीं.

हिंदुस्थानांतही तसेंच झालें असतें, असें मानण्यास जागा आहे. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं पुरा केलेला 'शेतकऱ्याचा असूड' दादाभाईंच्या ग्रंथाशेजारीं ठेवून वाचावा. शेतकऱ्याचें धन विलायतेस जातें एवढेंच जोतीराव म्हणत नाहींत. तें वाटेंत कोणाकोणाच्या हातांतून जातें हें ते सांगतात. विलायतेचें टोक तुटलें तरी वाटेंतले हात तेथेंच असते, आणि त्यांवर आणखी एक हात कायमचा येऊन बसला असता. स्टर्लिंग यांच्या ग्रंथांत साहेबलोक ही एक जातच बनून गेली आहे. त्यांची भाषा हिंदुस्थानीमिश्रित झाली आहे, त्यांचे आचार पालटले आहेत. ही कल्पना ग्रंथांतील सर्वांत सत्य कल्पना होय. पण लेखकाला ती मौजेची वाटते. सर्व जातींच्या वर आणखी एक जात बसली, तिच्या हातीं सर्व शस्त्रें राहिलीं, आणि दीडशें वर्षें कोणी तिला प्रश्न विचारला नाहीं, यांत मौज ती कोणाची? या कथेंत शूर एतद्देशीय आहेत, स्वामिनिष्ठ आहेत, विद्वानही आहेत. फक्त दादाभाई नाहींत, जोतीराव नाहींत आणि फडके नाहींत. ज्या वर्षांपासून कथा फुटते त्या वर्षीं हे तिघेही हयात होते.

(६)

दोष दाखविले म्हणून ग्रंथ टाकाऊ ठरतो असें नाहीं. कथा वेगवान आहे, लेखकाला देशाच्या रंगगंधाची आवड आहे, आणि एतद्देशीयांविषयीं तुच्छता त्याच्या मनांत नाहीं. मंडि यांच्या पिढीच्या मानानें ही मोठीच सुधारणा होय. लेखक इतिहास लिहीत नसून मनोरंजन करीत आहे, हेंही खरें. परंतु ज्याला जग उभें करावयाचें आहे त्यानें त्या जगांतील भाकरी कोठून येते हें सांगितलें पाहिजे, ही अपेक्षा मनोरंजनाच्या विरुद्ध नाहीं.

तुलनेसाठीं आपल्याच भाषेंतील एक लहानशी कथा घेऊं : कै. जयंत विष्णु नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. त्यांतही इतिहास एका ठिकाणीं फिरविला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासरावांस लागलेली गोळी या कथेंत कानाजवळून निघून जाते, आणि तेथून हिंदुस्थानचा इतिहास दुसऱ्या वाटेनें जातो. याहून अधिक लाघव शक्य नाहीं. शिवाय गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक असल्यामुळें आपण निराळ्या जगांत आलों हें कळतांच ते तलवार शोधीत नाहींत. ग्रंथालयांत जाऊन बसतात, पुस्तकें काढतात, फाटा कोठें फुटला तें वाचून ठरवितात, आणि परत येतांना पुरावा म्हणून त्यांच्या खिशांत बखरीचें एक पान राहून जातें. लेखक शास्त्रज्ञ, पण कागदावांचून गोष्ट सिद्ध होत नाहीं हें त्यानें ओळखलें. तथापि मुखावलोकनाचा मोह या कथेलाही सुटलेला नाहीं. पानिपतावर मराठे जिंकले असते तर, हा प्रश्न मराठी वाचकाला गोड लागतो तो त्याचें उत्तर आधींच ठाऊक असतें म्हणून. जिंकलेल्या त्या मराठी राज्यांत चौथाई कोणी भरली असती, आणि बंगालच्या ज्या रयतेनें १७४२ पासून भोसल्यांच्या स्वाऱ्या सोसल्या तिला तो विजय कसा वाटला असता, हें आम्हीही सहसा विचारीत नाहीं. स्टर्लिंग यांस जो नियम लावला तो स्वतःस लावण्यास आपणही बांधलेले आहों.

तेव्हां या प्रकारच्या लेखनाची कसोटी आमच्या मतें अशी : ज्याला काल बदलावयाचा आहे त्यानें ज्या वर्षीं तो बदलतो त्या वर्षींची भाजणी, पेवें, जकातीचे दर व मजुरीचे दर पहावे आणि आपल्या कल्पनेनें प्रथम कोणाच्या ताटांतलें अन्न जातें तें लिहावें. वीर, हेर व वायुनौका त्यानंतर येऊं द्याव्या. आपल्याकडे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचीं साधनें अद्याप पुरतेपणीं चाळलीं गेलेलीं नाहींत. सार्वजनिक सभेनें १८७८ पासून काढलेलें त्रैमासिक, इलाख्यांतील जिल्ह्यांचे अहवाल, कमिशनापुढील साक्षी आणि त्या वेळचीं मराठी वृत्तपत्रें यांतून सोलापूर किंवा विजापूर या एकाच जिल्ह्याचा धान्याचा ताळेबंद कोणी तरुण अभ्यासकानें मांडला तर तें एक उपयुक्त काम होईल. खरा इतिहास लिहिणारास तो लागेलच. आणि दिल्लीस गादी आणून बसविणाऱ्या पुढच्या कादंबरीकारासही, त्याची इच्छा असल्यास, त्यांतून पहिलें प्रकरण मिळेल.